घर पाहावे बांधून, पण कुणाच्या नावाने?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजवर वर्धापनदिनाच्या दिवशी माझे काम म्हणजे आलेल्या मंडळींना चहा-फराळ पोचवणे आणि शेवटी सतरंज्या मोजून ठेवणे. बोलायला उभे राहण्याचा हा पहिलाच प्रसंग. मी सातवी शिकलेली बाई, तेव्हा माझ्याकडून विद्वत्तेची अपेक्षा कुणी ठेवू नये. पण गेल्या वर्षभरात मंडळातल्या चार-पाच जणींबरोबर मी बँकेत आणि रजिस्ट्रीच्या कचेरीत जाऊन बसले, म्हणून चिटणीसबाईंनी गळ घातली. म्हणाल्या, "तिथे जे बोलता तेच इथे बोला." आता त्यांचा शब्द मोडवत नाही.

विषय आहे घर किंवा प्लॉट घेताना काढायचे कर्ज आणि उतरवायचा विमा. हा पुरुषांचा विषय, असे तुमच्यापैकी काही जणी मनात म्हणत असतील. मीही म्हणत असे. आपल्याकडे सोयाबीनचे चार पैसे हाती आले की घरातली मंडळी म्हणतात, दिग्रस रोडला एक प्लॉट घेऊन टाकू, पैसा बसून राहण्यापेक्षा बरा. आणि आपण चहा ठेवायला आत जातो. मग एके दिवशी कागद येतात, "इथे सही कर" म्हणतात, आणि आपण ओल्या हाताने सही करतो. मी स्वतः अशी सही केलेली आहे, म्हणून बोलते.

माझी धाकटी जाऊ तुमच्यापैकी बहुतेकींच्या ओळखीची आहे. तिला विचारूनच मी हे सांगत आहे. आमचे भाऊजी एका खासगी संस्थेत लिपिक होते. २०१८ सालच्या फेब्रुवारीत त्यांनी बँकेचे आठ लाखांचे कर्ज काढून घर बांधले. मुदत पंधरा वर्षांची. त्यांच्या एकट्याच्या पगारावर तेवढे कर्ज बसेना, म्हणून जाऊच्या शिवणकामाची मिळकत जोडली आणि तिला सहकर्जदार केले. साहेबांनी जिथे बोट ठेवले तिथे तिने सही केली. प्लॉट आधीपासून भाऊजींच्या एकट्याच्या नावावर होता, तो तसाच राहिला. वास्तुशांतीला पुरणपोळ्या मीच लाटल्या, पण हा प्रश्न काही माझ्या डोक्यात आला नाही.

२०२४ च्या मार्चमध्ये एका रात्री भाऊजींच्या छातीत कळ आली. यवतमाळला नेता नेता वाटेतच सारे आटोपले. वय त्रेचाळीस.

तेरावे झाले आणि हप्त्याची तारीख आली. आम्ही निर्धास्त होतो, कारण कर्ज घेताना बँकेने विमा उतरवला होता हे घरात सर्वांना माहीत होते. त्या विम्याचे पैसे एकदम भरायचे होते, ते कर्जातच मिळवले होते. म्हणजे विम्याच्या हप्त्यावरही आपण व्याज भरत होतो, हे मला फार उशिरा कळले. जाऊने कपाटातून कागद काढला. माझा मुलगा वाचू लागला आणि मध्येच थांबला. कर्ज पंधरा वर्षांचे, पण विमा पाच वर्षांचा. फेब्रुवारी २०२३ मध्येच तो संपलेला. बँकेने फसवले असे मी म्हणणार नाही, कागदावर स्पष्ट छापलेले होते. कुणी वाचले नव्हते एवढेच.

आता एक हिशेब ऐका. सोपे जावे म्हणून व्याज सरसकट नऊ टक्के धरा, प्रत्यक्षात दर खालीवर होतोच. आठ लाखांना पंधरा वर्षे म्हणजे महिन्याचा हप्ता सुमारे ८,११४ रुपये. पहिल्या हप्त्यात व्याज ६,००० आणि मुद्दल फिटते अवघे २,११४. सहा वर्षांत बहात्तर हप्ते, म्हणजे पाच लाख चौऱ्यांशी हजार रुपये भरून झाले. तरी मागे किती उरले? जवळजवळ सहा लाख! मी हा आकडा मुलाकडून तीनदा करून घेतला. आपल्याला वाटते निम्मी वर्षे होत आली म्हणजे निम्मे कर्ज फिटले. तसे होत नाही. आधी व्याज जेवते, मग मुद्दलाच्या ताटात वाढले जाते.

त्यात आणखी एक गोष्ट. मे २०२२ पासून फेब्रुवारी २०२३ पर्यंत रिझर्व्ह बँकेने आपला दर चार टक्क्यांवरून साडेसहावर नेला. तेव्हा पुष्कळ ठिकाणी हप्ता तोच ठेवून कर्जाचे महिने वाढवले गेले. खिशाला काही जाणवत नाही, म्हणून घरातही कळत नाही. जाऊच्या घरीही तसे पत्र आले होते, ते लाइटबिलाच्या पिशवीत सापडले. कर्जाची मुदत वाढली तरी विम्याची वाढत नाही, हे ध्यानात ठेवा. आता ऑगस्ट २०२३ च्या आदेशाप्रमाणे दर बदलला की बँकेने कर्जदाराला कळवावे लागते, आणि हप्ता वाढवायचा की मुदत, हे आपल्याला निवडता येते. २०२५ साली दर टप्प्याटप्प्याने खाली आला. ज्यांची कर्जे चालू आहेत त्यांनी बँकेत जाऊन आता किती हप्ते उरले ते लेखी मागावे. ते देतात. मी मागून आणले आहेत.

मोठा विमा असा गेला. पण पासबुक चाळताना एक नोंद दिसली, ४३६ रुपयांची. ती पंतप्रधान जीवनज्योती विम्याची होती. अठरा ते पन्नास वर्षांच्या कुणालाही बँकेतल्या खात्यावरून हा विमा घेता येतो, वर्षाला ४३६ रुपये कापतात आणि मृत्यू कोणत्याही कारणाने आला तरी वारसाला दोन लाख मिळतात. मे महिन्याच्या अखेरीस पैसे कापले जातात आणि १ जूनपासून वर्ष सुरू होते. भाऊजींनी कधी कुणाच्या आग्रहाने फॉर्म भरला होता, घरात कुणाला आठवतही नव्हते. ते दोन लाख जाऊला मिळाले. बदलत्या व्याजाच्या घरकर्जात आधी पैसे भरले तर बँकेला दंड लावता येत नाही, म्हणून तिने ते सगळे मुद्दलात भरले. बँकेने दोन वाटा सांगितल्या: हप्ता तोच ठेवला तर नऊ वर्षांचे कर्ज पाच वर्षांवर येईल, नाही तर मुदत तीच ठेवून हप्ता ५,४०० च्या आसपास येईल. सगळ्यांनी सांगितले की लवकर मोकळी हो. तिने कमी हप्ता घेतला. मला तेव्हा ते पटले नव्हते. पण शिलाई मशीन एका महिन्यात बंद पडले आणि दुसऱ्या महिन्यात मुलीला ताप आला, तेव्हा तिचेच खरे ठरले.

वीस रुपयांचा अपघात विमाही असतो, पंतप्रधान सुरक्षा विमा, त्यातही दोन लाख आहेत, पण तो फक्त अपघाताला. दोन्ही मिळून ४५६ रुपये होतात. मे महिन्यात खात्यात तेवढे तरी राहू द्या.

आता मुख्य गोष्ट. भाऊजी गेल्यावर कर्ज कुणाकडे आले? जाऊकडे, सगळेच्या सगळे, कारण ती सहकर्जदार. आणि घर कुणाचे झाले? ते मात्र सगळ्यांचे. मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे नवऱ्यामागे त्याची पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांचा सारखा वाटा असतो. म्हणजे जाऊ, तिची दोन लेकरे आणि आमच्या सासूबाई, असे चार वाटे. कर्जात सोळा आणे आणि घरात चार आणे! सासूबाईंच्या मनात काही नव्हते. त्या माउलीने स्वतः कचेरीत जाऊन हक्कसोडपत्राची नोंदणी करून दिली. पण सगळ्याच घरांत असे होते का? इथे बसलेल्यांपैकी काहींना उत्तर माहीत आहे, मी नावे घेत नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की सही करायच्या आधी विचारावे, मी ह्या कागदावर कोण आहे? मालकीण, सहकर्जदार, की जामीनदार? कर्जात माझे नाव घालता तर खरेदीखतातही घाला. हे भांडण नव्हे. शेतकरी संघटनेचे चांदवडचे महिला अधिवेशन १९८६ साली झाले, आणि मग शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, तेव्हा कितीतरी शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावे जमिनी करून दिल्या. पुढे १९९२ साली सरकारनेही पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्याचे परिपत्रक काढले. खेड्यांत ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर पतीबरोबर पत्नीचे नाव लावता येते. त्या काळी ज्यांनी नावे लावली त्यांच्या घरांत काही आकाश कोसळले नाही.

आता माझी फजिती सांगते, म्हणजे मी कुणी शहाणी आहे असा गैरसमज होणार नाही. २०२२ साली एका ओळखीच्या माणसाने आम्हाला पंधराशे चौरस फुटांचा प्लॉट दाखवला. किंमत साडेचार लाख. "उद्या दुसरे गिऱ्हाईक येतंय, वहिनी," असे तो मलाच म्हणाला. मी माझ्या पाटल्या मोडून ५१ हजार इसार दिला, शंभराच्या स्टॅम्पवर लिहून घेतले आणि खूश झाले. कर्जासाठी बँकेत गेलो तर वकिलाने कागद परत केले. जमीन शेतीचीच होती, अकृषिक झालेली नव्हती, ले-आउट मंजूर नव्हता, आणि सातबाऱ्यावर पाच जणांची नावे होती, विकणारा त्यातला एक. बँक म्हणाली, असल्या तुकड्यावर कर्ज मिळणार नाही. दीड वर्ष खेटे घालून तीस हजार परत मिळाले. बाकीचे एकवीस हजार मी शाळेची फी समजते. सातवीनंतरचे माझे शिक्षण तेवढेच.

तुकडेबंदीचा कायदा १९४७ सालचा आहे. गुंठ्यागुंठ्याने शेतजमीन विकता येत नाही. २०२३ साली जिरायतीला वीस गुंठे आणि बागायतीला दहा गुंठे अशी कमीत कमी मर्यादा ठरवली गेली. २०२५ साली सरकारने जुन्या काही तुकड्यांना नियमित करण्याची वाट काढली, पण आपला तुकडा त्यात बसतो की नाही हे दलालाला विचारू नका, तहसील कचेरीत विचारा. आणि पाचशे चौरस मीटरहून मोठ्या जागेवर प्लॉट पाडून कुणी विकत असेल तर त्याने महारेराकडे नोंदणी केलेली असली पाहिजे. १ मे २०१७ पासून तसा नियम आहे. नोंदणी क्रमांक मागावा आणि घरच्या मुलाला मोबाइलवर तपासायला सांगावे. बँक कर्ज नाकारते तेव्हा आपल्याला अपमान वाटतो. मला आता वाटते की बँकेच्या वकिलाने फुकट दिलेला तो सल्लाच असतो. रोखीने घेतला असता तर कुणी अडवलेच नसते.

एक सावधगिरी इथेच सांगते. बँकेने नाकारले म्हणून बचत गटाचे कर्ज किंवा सोनेतारण घेऊन प्लॉटात घालू नका. गटाचे कर्ज शेळीला, शिलाईला, दुकानाला आहे, जिथून दर आठवड्याला काही येते. प्लॉट उभा राहून काही देत नाही, आणि तुमचा हप्ता थकला की शेजारणीला भरावा लागतो.

गेल्या दसऱ्याच्या सुमारास, म्हणजे २०२५ साली, आम्ही पुन्हा धीर केला. गावातच दोन खोल्यांचे जुने पक्के घर सात लाखांना घेतले, भाड्याने देण्यासाठी. तीन लाख जवळचे आणि चार लाख बँकेचे. तीस वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून आणला. खरेदी माझ्या एकटीच्या नावे केली आणि सहकर्जदार आमच्या घरचे. ह्यांच्या मित्राने विचारले, "काय, बायकोच्या नावाने?" हे म्हणाले, "सात हजार वाचले." ते खरे आहे. १ एप्रिल २०२१ पासून आपल्या राज्यात बाईच्या नावे राहते घर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. घेणाऱ्या सगळ्या बायकाच हव्यात, नवऱ्याचे नाव जोडले की सवलत जाते. आधी अशी अट होती की पंधरा वर्षे ते घर पुरुषाला विकता येणार नाही, ती २०२३ साली काढून टाकली. नुसत्या प्लॉटाला ही सवलत नाही. नोंदणी फी वेगळी, किमतीच्या एक टक्का आणि जास्तीत जास्त तीस हजार. हे सगळे पैसे हातात लागतात. तीस लाखांपर्यंतच्या घरकर्जात बँक किमतीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत देऊ शकते हे खरे, पण देईलच असे नाही, आणि तेवढे घ्यावेच असेही नाही.

भाड्याचा हिशेब मी तुम्हाला प्रामाणिकपणे सांगते, कारण दलाल सांगत नाहीत. चार लाखांना दहा वर्षे, नऊ टक्क्यांनी हप्ता सुमारे ५,०६७ रुपये. भाडे येते ३,५००. म्हणजे दर महिन्याला पंधराशे रुपये दुकानातून घालावे लागतात. मे महिन्यात भाडेकरू बाई बदलीने गेल्या आणि दोन महिने खोल्या रिकाम्या होत्या, तेव्हा सगळाच हप्ता घालावा लागला. शिवाय कर, डागडुजी. भाड्यात हप्ता निघून जाईल हे पुण्या-मुंबईतही कठीण, मग आपल्या मानोऱ्यात कुठले? सहा महिन्यांचे हप्ते वेगळे ठेवता येत नसतील तर थोडे थांबावे. आणि भाडेकरार लेखी करून त्याची नोंदणी करावी. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. इथे ती माझ्यावर आहे!

ह्या वेळी विम्याचे कागद मी स्वतः वाचले, चष्मा लावून, दोन दुपारी. यजमानांच्या जिवाचा विमा दहा वर्षांचा, कर्ज तितक्याच वर्षांचे. फॉर्म भरताना माणूस म्हणाला, साखरेचा आजार लिहू नका, हप्ता वाढेल. आम्ही लिहिला, हप्ता वाढला. पण तीन वर्षांच्या आत काही झाले आणि लपवलेला आजार निघाला तर कंपनी पैसे नाकारू शकते, मग तो स्वस्त हप्ता कुणाच्या कामाचा? बँकेने सुचवलेल्याच कंपनीचा विमा घेतला पाहिजे अशी सक्ती नसते. विनयाने विचारावे, "हे सक्तीचे आहे असे लिहून द्याल का?" पुढचे बोलणे आपोआप मवाळ होते.

आणखी एक जुनी गोष्ट, जी मला एका विमा प्रतिनिधीबाईंनी सांगितली. १८७४ सालचा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा आहे. नवऱ्याने विमा घेतानाच त्या कायद्याखाली बायको-मुलांसाठी म्हणून घेतला, तर ते पैसे त्याच्या सावकारांना किंवा बँकेला देण्यात ओढता येत नाहीत. दुकानदारांच्या घरी हे फार उपयोगाचे आहे. विमा घेतानाच सांगावे लागते, मागाहून होत नाही. दीडशे वर्षांचा कायदा आणि मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळला.

विमा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एल.आय.सी.च उभी राहते. १९ जानेवारी १९५६ ला आपल्या चिंतामणराव देशमुखांनी, ते तेव्हा अर्थमंत्री होते, रेडिओवरून विमा कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण जाहीर केले. १ सप्टेंबरला २४५ कंपन्या व संस्था मिळून महामंडळ झाले, आणि तोवर देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावर राजीनामाही दिला होता. जिवाचा विमा तेव्हापासून खेड्यापाड्यांत पोचला. घराचा विमा मात्र अजून पोचलेला नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा मी लहान होते, पण घरातली मोठी माणसे दिवसभर रेडिओपाशी बसली होती ते आठवते. माणसे तर गेलीच, आणि जी वाचली त्यांच्यासमोर दगडमातीचे ढीग होते.

१ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी ठेवावी लागते. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप, दंगल हे तिच्यात येते. विमा बांधकामाचा असतो, जमिनीचा नाही. आमचे घर सात लाखांचे, पण पुन्हा बांधायला लागतील तेवढ्याच पैशांचा विमा घ्यायचा. मी आधी सात लाख लिहिले होते, ते खोडले. घरातल्या सामानालाही बांधकामाच्या रकमेच्या वीस टक्क्यांपर्यंत, दहा लाखांच्या आत, आपोआप संरक्षण मिळते. पण ते आपल्या सामानाला. भाडेकरूच्या भांड्याकुंड्यांचा विमा भाडेकरूने काढायचा. आणि खोलीत पुढे कुणी दुकान किंवा पिठाची गिरणी काढली तर कंपनीला कळवायचे. वर्षाचा हप्ता एका साध्या साडीच्या किमतीत बसला. ती साडी मी यंदा घेतली नाही, तुमच्या लक्षात आलेच असेल.

कर्ज फिटले की मूळ कागद परत आणायला विसरू नका. १ डिसेंबर २०२३ पासून पूर्ण फेड झाल्यावर तीस दिवसांत कागद द्यावे लागतात, नाही तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई आहे.

धाकटी जाऊ आज आली आहे, तिसऱ्या रांगेत खिडकीपाशी बसली आहे. तिने घराच्या पुढच्या दोन खोल्या दोन नर्स मुलींना भाड्याने दिल्या आहेत, त्यांचे पैसे हप्त्याला जातात, आणि घराच्या कर आकारणीच्या उताऱ्यावर आता तिचे नाव आहे. त्या उताऱ्याची नक्कल तिने देवघरात ठेवली होती. उंदीर लागेल म्हणून मी ती कपाटात ठेवायला लावली.

येत्या बुधवारी दुपारी तीन वाजता मी इथेच बसणार आहे. ज्यांच्या घरी कर्जाचे, विम्याचे, खरेदीचे कागद आहेत त्यांनी घेऊन यावे. मला सगळे कळते असे नाही, पण मुदत आणि नाव ह्या दोन जागा कुठे छापलेल्या असतात ते मला आता ठाऊक आहे. चष्मा विसरणाऱ्यांसाठी माझा जुना आणीन.